संकासुराला मिळालेली सुट्टी

संकासुराचा चेहरा कुणी पाहायचा नसतो. कोकणातल्या नमनाचे खेळ करणाऱ्या लालबागच्या ज्या मंडळात दौलत भुवडांनी एकतीस वर्षं संकासूर नाचवला, त्या मंडळाचा हा पहिला नियम. काळा झगा, कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात वेताची छडी आणि डोक्यापासून छातीपर्यंत उतरणारा काळ्या कापडाचा मुखवटा. त्याला वर उंच निमुळती टोपी, खाली तागाची पांढरी दाढी, मध्ये लोंबणारी लाल जीभ. तो एकदा डोक्यावर चढला की आतला माणूस संपला. मग त्याला नावाने हाक मारायची नाही, त्याने बोलायचं नाही, आणि नाच संपवून विंगेत पोचेपर्यंत मुखवट्याला हात लावायचा नाही. गुहागरकडच्या त्यांच्या गावात बायका याच संकासुराच्या हातांत तान्ही मुलं देतात, नवस बोलतात. आत शेजारचा दौलत आहे हे ठाऊक असलं तरी ठाऊक नसल्यासारखं वागायचं, ही दोन्हीकडची रीत.

हा नियम दौलतबाबांनी भर सभागृहात मोडला.

जानेवारीतला रविवार होता. परळच्या एका शाळेचं सभागृह, दुपारी चारचा खेळ, गावचे आणि शेजारगावचे मिळून पाचशे लोक. दोन मृदंग लयीला लागलेले, गाणाऱ्यांचा सूर वर चढलेला, आणि दौलतबाबा असे रंगात आलेले की पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदराआड तोंड लपवत होती. एक लेकुरवाळी पायऱ्या चढून वर आली, तिने बाळ पुढे केलं. त्याच क्षणी दौलतबाबांच्या छातीतून एक जाळ उठला. गळ्यावरून, कानांवरून तो डोक्यात शिरला. अंगावर कुणी कढत पाणी ओतावं तसा घाम फुटला, कापड नाकाला चिकटलं, श्वास मिळेना. हात कधी वर गेला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मुखवटा खाली पडला. लालबुंद, भिजलेला, तोंड उघडं टाकून धापा टाकणारा म्हातारा पाचशे माणसांनी पाहिला. बाळाने टाहो फोडला. मृदंग थांबले. मंडळाचे अध्यक्ष रामदास यांनी स्वतः धावत जाऊन पडदा ओढला.

ज्याने कधी तोंडाला रंग लावला आहे त्यालाच पडलेल्या पडद्यामागची ती शांतता कळेल. टाळी न मिळणं निराळं, आणि लोकांनी खाली मान घालून, एकमेकांशी न बोलता उठून जाणं निराळं.

पुढच्या वर्षी संकासूर विनीतला मिळाला. विनीत बत्तीस वर्षांचा, बँकेत नोकरीला, पायांत नुसता वारा. दौलतबाबा त्या खेळाला गेलेच नाहीत. घरी बसून त्यांनी लसूण सोलला. पाव किलो.

एरवी दौलतबाबा म्हणजे रडका माणूस नव्हे. सोळाव्या वर्षी गावाहून आले, परळच्या गिरणीत कापड विणायचे साचे चालवले. संपात गिरणी गेली तेव्हा महिनाभर डोक्याला हात लावून बसले आणि मग हिंदमाताला साड्यांच्या दुकानात जाऊन उभे राहिले. तिथे त्यांनी सव्वीस वर्षं काढली. समोर गिऱ्हाईक बाई बसली की दौलतबाबा साडी स्वतःच्याच अंगावर लावून दाखवत. निऱ्या पाडत, पदर खांद्यावर टाकत, मान जराशी कलती करत. झुपकेदार मिशांच्या त्या माणसाच्या अंगावर जरीकाठ असा खुले, की बाई म्हणे, "हीच द्या. पण माझ्यावर अशीच दिसली पाहिजे." दौलतबाबा म्हणत, "ताई, ती गॅरंटी आमच्या मालाची नाही." तरीही बाई साडी घेऊन जाई.

असा माणूस दुखण्यापुढे मात्र गप्प झाला, कारण दुखणं अवघड जागेचं. प्रोस्टेटचा कॅन्सर. आधी रेडिएशनचे शेक घेतले, दोन वर्षं बरी गेली, मग रक्तातला पीएसए नावाचा आकडा पुन्हा वर सरकू लागला. तेव्हा डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी पोटात टोचायचं इंजेक्शन सुरू केलं. हा कॅन्सर पुरुषाच्या अंगातल्या हार्मोनवर पोसतो, इंजेक्शन त्याचं रेशन बंद करतं, असं त्यांनी समजावलं. रेशन कॅन्सरचं बंद झालं आणि त्यापायी दौलतबाबांचंही. मांड्या सुकल्या, पोट सुटलं, छाती बाईसारखी मऊ झाली. चाळीचे तीन मजले चढायला दोनदा बसावं लागे. आणि दिवसातून आठ-दहा वेळा तो जाळ. मंडळात त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. "जरा लघवीचा त्रास आहे," एवढंच. त्यामुळे मुखवटा का निघाला हेही कुणाला कळलं नाही. म्हातारा घाबरला, असं ठरलं.

एका दुपारी ते पंख्याखाली उघडे बसले होते. रखमाबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "मला पण व्हायचं हे. चार वर्षं चाललं होतं."

"कधी?"

"आपल्या अभयच्या लग्नाच्या आसपास."

"मग बोलली नाहीस ती."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, खिडकी उघड. आणि तालमीला गेलात."

दौलतबाबा उठले आणि टेबलफॅन ओट्याच्या दिशेने फिरवला.

"गॅस विझेल," रखमाबाई म्हणाल्या. पण उठून फॅन वळवला नाही.

इंजेक्शनचं दुसरं वर्ष सरत आलं तेव्हाची गोष्ट. एप्रिलमध्ये दौलतबाबा ठरलेल्या तारखेला दवाखान्यात गेले, टेबलावर झोपले, सदरा वर करून तयार. डॉक्टर प्रिती कागद चाळत उभ्या होत्या. पोरसवदा बाई, बोलणं मात्र मेल गाडीसारखं.

"काका, रिपोर्ट मस्त आहे. पीएसए जवळजवळ शून्यावर आहे, वर्षभर तिथेच बसलाय. आपण इंजेक्शनला ब्रेक देऊ या."

दौलतबाबांनी सदरा तसाच धरून ठेवला. "म्हणजे बरा झालो?"

"नाही. खोटं सांगणार नाही. आजार आत आहे, पण झोपलाय. तो झोपलाय तोवर तुमच्या शरीराला जरा जगू दे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. आकडा मी ठरवलेल्या रेघेच्या वर गेला की परत सुरू. कुणाला सहा महिने मिळतात, कुणाला दोन वर्षं."

"गिरणीत याला ले-ऑफ म्हणायचे," दौलतबाबा म्हणाले. "माणूस हजेरीपटावर, साचा बंद."

"हां, तसंच समजा. पण या ले-ऑफमध्ये बसून राहायचं नाही. रोज चालायचं, जिने चढायचे, झेपतील तेवढी वजनं उचलायची. हाडं आणि मांड्या परत कमवाव्या लागतील. आणि उद्या सकाळी फरक दिसणार नाही. शेवटच्या इंजेक्शनचा असर उतरायलाच काही महिने जातात."

दौलतबाबांनी सदरा खाली ओढला, उठून बसले, आणि दीड वर्ष पोटात धरून ठेवलेला प्रश्न विचारला. "तो जाळ जाईल?"

"बहुतेक जाईल."

"तोंडावर मुखवटा घालून वीस मिनिटं नाचता येईल?"

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "कसला मुखवटा?"

ते सांगायला दहा मिनिटं लागली. बाहेरच्या बाकावरची माणसं चुळबुळू लागली. सगळं ऐकून घेऊन डॉक्टर म्हणाल्या, "आधी तीन मजले न थांबता चढून दाखवा. मग बोलू."

दौलतबाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा रखमाबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि गॅलरीत गेल्या. शेजारच्या राधाबाई तिथे गहू निवडत होत्या.

"काय म्हणाले गो डॉक्टर?"

"इंजेक्शन बंद केलं," रखमाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. पुढे बोलवेना म्हणून त्या आत गेल्या.

आता परळ-लालबागच्या चाळींत कॅन्सर काय असतो हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. आणि "औषध बंद केलं" याचा अर्थ तिथे पिढ्यान्‌पिढ्या एकच. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. राधाबाईंनी शब्द ऐकले, डोळ्यांतलं पाणी पाहिलं, आणि सुपातले गहू तसेच टाकून उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून दौलतबाबांच्या दारात ताटं येऊ लागली. कुणी घावणे, कुणी कोळंबीचं कालवण, कुणी नारळ घालून शिरा. खालच्या मजल्यावरचा एक माणूस नळाच्या भांडणावरून अकरा वर्षं बोलत नव्हता, तो येऊन म्हणाला, "बाबा, झालं गेलं विसरा." दौलतबाबांना वाटलं, आपल्या सुट्टीची बातमी ऐकून माणसं खूश झाली आहेत. ते प्रत्येकाला हसून सांगत, "आता काही टोचणं नाही, काही नाही. मोकळा." ऐकणारा डोळे टिपत निघून जाई. दौलतबाबा रखमाबाईंना म्हणत, "माणसं किती हळवी आहेत बघ आपली."

मे महिन्यात चाळ गावाला गेली, तशी बातमीही गेली. देवळात गुरवाने त्यांच्या नावाने गाऱ्हाणं घातलं. जून उजाडला, माणसं परत आली, आणि एका संध्याकाळी रामदास दोन सभासद घेऊन खोलीवर आले. रामदास दौलतबाबांच्याच वयाचे, एकाच शाळेत मार खाल्लेले. एरवी दारातूनच "काय रे दौलत्या" अशी आरोळी यायची. त्या दिवशी त्यांनी चपला बाहेर नीट जोडीने काढल्या, आत येऊन खालच्या आवाजात विचारलं, "कसं वाटतंय?"

"उत्तम."

"हां. बोलायचं असंच. धीर सोडायचा नाही." रामदासांनी सफरचंदं पुढे ठेवली. "मंडळाने ठरवलंय, जानेवारीच्या खेळात तुझा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. खुर्चीवर बसवून आणू. उभं राहायला लागणार नाही."

"मी उभा राहू शकतो की."

"आता शकतोस," रामदास म्हणाले, आणि दुसऱ्या सभासदाने त्यांना कोपराने ढोसलं. मग रामदासांनी दौलतबाबांचा हात हातात घेतला. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. "दौलत, तुझी काही इच्छा राहिली असेल तर आत्ता सांग. मंडळ पुरी करेल. माझा शब्द."

तेव्हा दौलतबाबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घावणे, शिरा, नळाचं भांडण, गुरवाचं गाऱ्हाणं. आपण मरतो आहोत.

अशा वेळी साधा माणूस सांगून मोकळा झाला असता, की अरे बाबांनो, मी मरत नाही. पण दौलतबाबा नट होते, आणि हातात आलेलं वाक्य नट सोडत नाही. त्यांनी डोळे मिटले. आवाज जरा खोल नेला.

"एकच इच्छा आहे. एकदा संकासूर."

रामदासांनी नाक ओढलं आणि विचारलं, "मुखवटा ठेवशील शेवटपर्यंत?"

"ठेवीन."

"दिला," रामदास म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर पडले. चपला घालायला विसरले, त्या न्यायला एक सभासद परत आला.

दार लागल्यावर रखमाबाई स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून बाहेर आल्या. "हे काय केलंत?"

"मी काय केलं? त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"तुम्ही मरत नाही आहात."

"तसं मी कुठे म्हणालो की मरतोय?"

रखमाबाईंनी सफरचंदं उचलून फळीवर ठेवली आणि चार दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

पण एक खरं. भूमिका मिळाली म्हटल्यावर म्हाताऱ्याने अंग झटकलं. पहाटे उठून शिवडीच्या बाजूला चालायला जाऊ लागले. सोबतीला कुशाबा. कुशाबा नायगावच्या बीडीडी चाळीतले, गिरणीच्या एकाच खात्यात दोघांचे साचे समोरासमोर होते. तरुणपणी चौदा एप्रिलच्या गायन पार्ट्यांत त्यांची ढोलकी गाजलेली. त्यांना सगळं खरं ठाऊक होतं. दोन बाटल्यांत वाळू भरून त्यांनी दौलतबाबांना वजनं करून दिली होती, आणि गच्चीत बसून पत्र्याच्या डब्यावर ताल धरत ते शिव्या घालत.

"उचल पाय, मेल्या. संकासूर आहेस की पोस्टाच्या रांगेतला पेन्शनर?"

"पेन्शन कुठे आहे आपल्याला?"

"म्हणूनच म्हणतो, पाय उचल."

पहिले तीन महिने काहीच झालं नाही. जाळ तसाच, दम तसाच. जुलैच्या तपासणीत आकडा जागचा हलला नव्हता, पण अंगात ताकदही आली नव्हती. दौलतबाबा चिडत. मग श्रावणातल्या एका सकाळी ते जागे झाले आणि काहीतरी वेगळं वाटलं. काय, ते पटकन कळेना. रखमाबाईंनी सवयीने उशीचा अभ्रा बदलायला हात घातला, आणि हात तिथेच ठेवला.

"कोरडा आहे," त्या म्हणाल्या.

दौलतबाबांनी बनियन चाचपला. तोही कोरडा. दोघं अभ्र्यावर हात ठेवून बसून राहिले, कुणी आजारी मूल झोपलं असावं तसे.

त्यानंतर एकेक परत येऊ लागलं. आठवड्याला करायची दाढी दोन दिवसांआड करावी लागू लागली. गणपतीत त्यांनी तीन मजले एका दमात चढून दाखवले आणि वर पोचल्यावर मुद्दाम शीळ घातली. एका रविवारी दादरला फुलबाजारात गेले आणि रखमाबाईंसाठी अबोलीचा वळेसर घेऊन आले. रखमाबाईंनी तो केसांत माळला, "या वयात काय हे," असं म्हणाल्या, आणि म्हणताना आरशात बघत होत्या.

गंमत अशी, की चाळीला हे सगळं दिसत होतं आणि चाळ आणखीच घाबरत होती. दौलतबाबा जिन्यात भरभर दिसले की मागे कुजबुज व्हायची, "दिवा विझताना मोठा होतो." गालांवर रंग आला तेव्हा राधाबाई म्हणाल्या, "फार दिवस नाहीत आता." म्हातारा जितका सुधारे, तितकी ताटं वाढत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी राधाबाईंना गॅलरीत भोवळ आली. रखमाबाईंनी त्यांना धरून आत आणलं, लिंबूपाणी पाजलं, आणि मग घरी येऊन दौलतबाबांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"राधाबाई जूनपासून तुमच्यासाठी सोमवार आणि संकष्टी धरते आहे. दोन्ही निर्जळी. पंचाहत्तर वर्षांची बाई. तुमच्या नाटकापायी ती जाईल तुमच्या आधी."

दुसऱ्या दिवशी गच्चीत दौलतबाबांनी हे कुशाबांना सांगितलं. कुशाबा डब्यावर बोटं आपटत म्हणाले, "सांगून टाक."

"सांगितलं तर संकासूर जातो."

"जाईल कदाचित. पण दया म्हणून मिळालेली भूमिका करायची, तर मुखवटा निघाला तेव्हाचा दौलत आणि आत्ताचा, यात फरक काय? तेव्हाही लोक खाली बघत होते. आताही तुझ्याकडे कुणी डोळे वर करून बघत नाही."

हे मात्र लागलं. दौलतबाबा आधी राधाबाईंकडे गेले. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, अवघड जागेच्या नावासकट. राधाबाईंनी ऐकलं, पदराने तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "म्हणजे माझे उपास लागू पडले." दौलतबाबांनी वाकून नमस्कार केला.

तालमीची पहिली बैठक गावकीच्या सामाईक खोलीत होती. भिंतीला दोन मृदंग टांगलेले, खाली सतरंजीवर पंधरा-वीस जण. दौलतबाबांसाठी कुणीतरी उशी ठेवली होती. ते उशीवर बसले नाहीत. उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, मी मरत नाही. डॉक्टरांनी हात टेकलेले नाहीत. इंजेक्शनला सुट्टी दिली आहे, कारण दुखणं झोपलंय. ते उठलं की इंजेक्शन परत. तुमचा गैरसमज झाला आणि मी तो जूनमध्येच दूर करायला हवा होता. केला नाही, कारण मला संकासूर पाहिजे होता. आणि त्या वर्षी मुखवटा काढला तो घाबरून नव्हे. त्या इंजेक्शनाने अंगात जाळ उठतो, बायकांना पाळी जाताना उठतो तसा."



रामदास हळूच म्हणाले, "म्हणजे तू मरत नाहीस?"

"सध्या तरी नाही."

"आम्ही गुरवाला गाऱ्हाणं घालायला लावलं."

"त्याबद्दल आभार."

"मानपत्र लिहून झालंय, दौलत्या. मी स्वतः लिहिलं. लिहिताना रडलो." रामदासांचा आवाज चढला. "मरणाऱ्याची इच्छा म्हणून त्या विनीतला मी थांबवलं. आता मरतच नाहीस, तर इच्छा कसली? इच्छा रद्द."

"रद्द," दौलतबाबा म्हणाले. "मी मागायला आलोच नाही. दोघांना नाचवून बघा. चांगला असेल त्याला द्या."

कोपऱ्यातून विनीत म्हणाला, "मला चालेल."

मग ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात परीक्षा झाली. पंखा बंद, कारण वाऱ्याने दाढी उडते. पूर्ण पोशाख, वीस मिनिटं, जो मुखवट्याला हात लावील तो बाद. आधी विनीत नाचला. काय उड्या, काय गिरक्या. खोली दणाणली. मग दौलतबाबांनी मुखवटा चढवला. आत काळोख, जुन्या घामाचा वास, डोळ्यांच्या दोन भोकांतून दिसणारं एवढंसं जग. दोन वर्षांनी ते पुन्हा त्या काळोखात उभे होते आणि त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं.

ते विनीतसारखं उडाले नाहीत. उडणं शक्यही नव्हतं. ते नुसते चालले, छडी टेकली, आणि मृदंगाच्या ऐन चढत्या लयीत एकदम थांबले. मान तेवढी वळवली, हळू, एकेका माणसाकडे. सतरंजीवरचे मोठे बापे मागे सरकले. मग घुंगरू एकदाच वाजले. वीस मिनिटं अशी गेली. हात वर गेला नाही.

मुखवटा उतरल्यावर पहिला विनीतच बोलला. "यावर्षी बाबा. मी नाचतो ते बघून पोरं टाळ्या वाजवतात. बाबा नुसते उभे राहिले तर मला घाम फुटला."

रामदास अजून रुसलेले होते. "ठीक. पण विनीत दुसरा पोशाख घालून विंगेत उभा राहील. हात मुखवट्याकडे गेला, की तू बाहेर आणि तो आत. पडदा पुन्हा पाडणार नाही मी."

"मान्य," दौलतबाबा म्हणाले.

जानेवारीत, खेळाच्या आधी आठ दिवस, रक्ताचा रिपोर्ट आला. आकडा हलला होता. ऑक्टोबरात थोडा, आता आणखी थोडा. डॉक्टर प्रितींनी कागदावर पेनाने रेघ काढून दाखवली. "इथे जायला वेळ आहे अजून. पण जागा होतोय, हे खरं. वर्षअखेरीपर्यंत पुन्हा सुरू करावं लागेल बहुतेक."

"रविवारी नाही ना?"

"रविवारी नाही, काका."

"मग झालं तर," दौलतबाबा म्हणाले, आणि डॉक्टरांना खेळाचं तिकीट दिलं.

रविवारी तेच सभागृह, तीच चारची वेळ. म्हातारा मरत नाही आणि पुन्हा संकासूर नाचवतो आहे, ही बातमी आता सगळ्या गावाला झाली होती, म्हणून पाचशेच्या जागी सातशे माणसं. मागे उभी, बाजूला उभी. दुसऱ्या रांगेत रखमाबाई, राधाबाई, कुशाबा, आणि कडेला डॉक्टर प्रिती. गणपती झाला, गवळण झाली. मृदंगाने बोल बदलला आणि काळी टोपी पडद्याच्या कडेने आधी डोकावली, मग आली.

पहिली दहा मिनिटं त्यांची स्वतःची होती. पोरं किंचाळली, म्हातारे सरसावून बसले. मग एक तरुण आई बाळ घेऊन पायऱ्या चढू लागली, आणि त्याच वेळी दौलतबाबांना छातीपाशी ऊब जाणवली. तीच जागा. ऊब गळ्यापर्यंत आली. विंगेत विनीतने मुखवटा डोक्यावर ओढला. पुढे रामदासांचा हात पडद्याच्या दोरीकडे गेला, आणि थांबला.

दौलतबाबा थांबले. भर लयीत, एक पाय पुढे, छडी हवेत. मृदंगवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हात आवरले. सातशे माणसांच्या सभागृहात घुंगराचाही आवाज नाही. लोकांना वाटलं, हा खेळच आहे. काहींनी श्वास रोखला. आत काळोखात म्हातारा आपल्या छातीकडे कान लावून उभा होता. वर येतोस? ये. एक, दोन, तीन. घाम कपाळावरून निघाला, भुवईत अडकला, नाकावरून दाढीत उतरला. साधा घाम. चार, पाच. ऊब गळ्याशी आली, तिथे जराशी रेंगाळली, आणि गेली. दहा मिनिटं नाचलेल्या माणसाच्या छातीत जेवढी असावी तेवढीच होती ती.

छडी खाली आली. घुंगरू असे खणाणले, की मृदंगांना धावत येऊन लय पकडावी लागली. सभागृह उसळलं. त्या आईने बाळ पुढे केलं. संकासुराने छडी काखेत मारली, दोन्ही हातांनी बाळ घेतलं, आणि छातीशी धरून एक गिरकी घेतली. बाळ लाल जिभेकडे बघत राहिलं. मग त्याने ती मुठीत धरली. संकासुराला जीभ सोडवून घेता येईना. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, बायका उभ्या राहून बघत होत्या. कुणीही खाली बघत नव्हतं. कुशाबा पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ढोलकीसारखा ताल धरून बसले होते, आणि त्या खुर्चीतला माणूस तक्रार करत नव्हता.

अजून दहा मिनिटं. मग संकासूर पाठ न दाखवता मागे मागे गेला आणि विंगेत नाहीसा झाला. विंगेत दुसरा संकासूर उभा होता. त्याने मुखवटा काढला, आतून विनीत निघाला, तो वाकला आणि दौलतबाबांच्या पायांवर डोकं ठेवून उठला. रामदास आले. त्यांच्या हातात शाल होती, डोळे लाल होते. म्हणाले, "दौलत्या, तू थांबलास तेव्हा माझा जीव गेला होता. पुढच्या वर्षी असं केलंस तर बघ." आणि बोलल्यावर, आपण पुढचं वर्ष म्हणालो, हे त्यांच्या लक्षात आलं. ते शब्द त्यांनी परत घेतले नाहीत.

रखमाबाई मागच्या दाराने वर आल्या. पोशाखातला म्हातारा एका लोखंडी ट्रंकेवर बसला होता, मुखवटा अजून डोक्यावर. खेळ संपून पाच मिनिटं झाली होती.

"अहो, आता काढा ते."

"बसतो जरा असाच," आतून आवाज आला.

रखमाबाई ट्रंकेवर शेजारी टेकल्या. त्यांनी पदराने पांढऱ्या दाढीखालचा गळा पुसला. "आत गरम होत नाही?"

"होतंय की," संकासूर म्हणाला. "माणसाला होतं तेवढंच."